हेमाची बुरशी

हेमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसले होते. गुडघे दाखवायचे होते, ते राहिलेच. फोन किशोरचा, हेमाच्या धाकट्या भावाचा. तो म्हणाला, “नीलाताई, सकाळी चहा घेतला, पेपर वाचत बसलेली, आणि तशीच खुर्चीत...” मी बाकावरून उठले. तशीच गाडी केली आणि कोलशेतला निघाले. नव्या पुलावरून माणकोलीपर्यंत भुर्रकन पोचले, आणि मग माजिवड्याला मेट्रोच्या खांबांखाली गाडी जी अडकली ती अडकलीच. पुढचा ट्रक हलेना, मागचे हॉर्न थांबेनात. मी ड्रायव्हरला दोनदा सांगितलं की कुणीतरी गेलंय, लवकर पोचायचंय. तो बिचारा म्हणाला, “काकी, सगळ्यांनाच कुठंतरी पोचायचंय.” मी पोचले तेव्हा तिला नेलं होतं. अंगणात बायका बसल्या होत्या, कुणीतरी मला पाणी दिलं. हेमाची भावजय संगीता म्हणाली, वाट बघितली तुमची, पण मग मंडळी थांबेनात. मला कुणाचाच राग आला नाही. राग यायलासुद्धा थोडी ताकद लागते, ती त्या दिवशी माझ्यात नव्हती.

हेमलता म्हात्रे हे नाव वाचकांना ठाऊक असायचं काही कारण नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कंपनीत ती आणि मी उभा जन्म काढला. मी तपासणीच्या लॅबमध्ये, ती बुरशीच्या. हो, बुरशीच्याच. पावावर येते, लिंबावर येते, पावसाळ्यात चपलांवर येते, तिच्याच भाईबंदांना टाकीत साखरेवर वाढवून त्यांच्याकडून औषध काढून घ्यायचं, हा हेमाचा धंदा. त्या टाक्यांचा म्हणे एक वास असतो, ओल्या मातीचा आणि आंबलेल्या धान्याचा मिळून. तो केसांत बसतो आणि शिकेकाईलाही दाद देत नाही. कँटीनमध्ये हेमा आली की टेबलावरची माणसं हळूच ताटं उचलायची. मला सायनसचा त्रास, वास येतच नसे. आमची मैत्री अशी माझ्या बंद नाकावर जमली, असं ती सगळ्यांना सांगत असे.

ती कोलशेतच्या जुन्या गावातली. वडिलांची मिठागरं होती, शेती होती. पुढे सगळ्या जमिनीवर टॉवर आले आणि म्हात्र्यांच्या घरात कुणी नोकरी करायची गरज उरली नाही. तरी ही बाई रोज सकाळी कंपनीची बस पकडून डोंबिवलीला यायची. लग्न केलं नाही. आई होती तोवर कुरकुरत असे, “कशाला गो येवढ्या लांब जातेस बुरशी हुंगायला, घरी काय कमी हाय?” हेमाचं उत्तर ठरलेलं, की घरी बसले तर मलाच बुरशी येईल. गावातल्या हळदींना ती हमखास उशिरा पोचायची, टाकी चालू असली तर पोचायचीच नाही. नातेवाईक नाक मुरडायचे. ते वासामुळे की रागामुळे, हे तिलाही कधी नक्की कळलं नाही.

आमच्याकडे एक हिरवट-करडी बुरशी होती. ती निसर्गतःच एक पदार्थ थोडाथोडा तयार करते. किडनी बदललेल्या माणसाला त्याच्यापासून बनलेली गोळी जन्मभर घ्यावी लागते. आपलं शरीर मोठं हट्टी. बाहेरून आलेलं काहीही, मग ते जीव वाचवणारं का असेना, परकं म्हणून हाकलायला बघतं. ही गोळी त्या शरीराला जरा दमानं घ्यायला लावते. आमची कंपनी हा पदार्थ करत होती, पण बुरशी फार कंजूस. टाकीभर साखर खाऊन ओंजळभर द्यायची. हेमाचं म्हणणं असं की तिच्यातच फेरफार केला पाहिजे. बुरशीच्या पेशीची भिंत हलकेच विरघळवायची, ती उघडी पडली की आत नवा जनुक सोडायचा आणि मग तिला पुन्हा भिंत बांधू द्यायची. बहुतेक पेशी या प्रकारात मरतात. जगतात त्यांतल्या बहुतेकींना नवा जनुक मिळालेलाच नसतो. ज्यांना मिळतो त्या त्याचं ऐकतीलच असं नाही. हे सगळं सांगायला एक परिच्छेद लागला, करायला तिची ऐन उमेदीची वर्षं गेली. मी तिचे नमुने मशीनवर लावायचे आणि कागदावर आलेला आकडा, म्हणजे औषध किती उतरलं ते, फोनवर सांगायचे. बहुतेक वेळा तो ऐकून ती नुसतं “बरं” म्हणायची. तिच्या त्या “बरं”चा मला नंतर नंतर धसका बसला होता.

अशातच किशोरच्या किडन्या गेल्या. तो हेमापेक्षा बराच लहान, तिच्या कडेवर वाढलेला. ठाण्यात डायलिसिस सुरू झालं आणि तो सहा फुटी गडी बघता बघता अर्धा झाला. घरच्यांच्या तपासण्या झाल्या, हेमाची किडनी जुळली. तिने एका शब्दानेही चर्चा केली नाही, रजेचा अर्ज टाकला आणि ऑपरेशनला गेली. भावाला एक किडनी देऊन ही बाई परत कामावर आली तेव्हा आम्ही कँटीनमध्ये तिला हळू चाल, वजन उचलू नको असं बजावत होतो, आणि ती मला बाजूला घेऊन काय म्हणाली तर, “नीला, किशोरला ती गोळी आता जन्मभर घ्यायचीय. माझी किडनी त्याच्या अंगात टिकवायची तर गोळीपण मीच करणार. माझ्या बुरशीची. त्याच्या हातात ठेवल्याशिवाय मी काही रिटायर होत नाही.” तोवर तिची बुरशी म्हणजे एक काम होतं. त्या दिवसापासून तिचा ध्यास झाला, आणि ध्यास घेतलेलं माणूस जवळ असलं की आजूबाजूचेही दमतात. मी दमायचे. खरं सांगायचं तर मी कधीकधी तिचा फोन वाजू द्यायचे.

शेवटी काचेच्या चंबूंमध्ये आकडा चढला. चांगला, भक्कम चढला. मोठ्या टाकीवर चाचणी करायचं ठरलं. आता मोठ्या टाकीला विरजण लागतं तेही मोठं, म्हणजे बुरशीचे भरपूर बीजाणू. ते वाढवायला आम्ही काय वापरायचो, तर भगर. उपासाची भगर, वऱ्याचे तांदूळ. वाफवलेल्या सुट्या दाण्यावर बुरशी छान धरते आणि दाणान् दाणा हिरवा होतो. पण कुठलीही भगर चालत नाही. हेमाने खटपट करून एका ठरावीक मालाचं पोतं निवडलं होतं, त्यावर सगळे प्रयोग बसवले होते. लॅबच्या खोलीत ओल येते म्हणून ते पोतं ठेवलं होतं कँटीनच्या कोठीत. मोठ्या टाकीच्या तयारीचे दिवस आणि मध्ये आली महाशिवरात्र. कँटीनचे शिंदे भाविक माणूस. कोठीत भगरीचं पोतं बघून त्यांना वाटलं, कंपनीने यंदा उपासाची सोय केली. त्यांनी सढळ हाताने भगर रांधली, दाण्याची आमटी केली, आणि अख्ख्या कंपनीने, अगदी उपास नसलेल्यांनीही, ताव मारला. हेमाचा उपास होता. तिने दोनदा मागून घेतली आणि शिंद्यांना म्हणाली की इतकी मोकळी भगर मी आयुष्यात खाल्ली नाही.

दुपारी ती कोठीत गेली. मग मला फोन आला, की खाली ये. रिकामं पोतं पायाशी आणि ही जिन्याच्या पायरीवर बसलेली. शिंदे समोर उभे, त्यांना घाम फुटलेला. ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती मला म्हणाली, “मोकळी का झाली ते मला कळायला पाहिजे होतं.” मग आम्ही कल्याणच्या बाजारात तसली भगर शोधत फिरलो. ही प्रत्येक दुकानात चिमूटभर दाणे तोंडात टाकून दाताने फोडून बघायची. एक दुकानदार कौतुकाने म्हणाला, ताई, घरी मोठा उपास दिसतोय. हेमा म्हणाली, हो, खाणारं खूप आहे घरात. आम्ही हसलो, पण भगर काही मिळाली नाही. जी मिळाली तिच्यावर बुरशी पांढरीच राहिली, हिरवी होईना, म्हणजे बीजाणू धरेनात. चाचणी लांबली ती अशी लांबली की वरच्या साहेबांचा उत्साह तोवर निम्मा झाला. भगरीमुळे सगळं बिघडलं असं मी म्हणणार नाही, हेमाही म्हणायची नाही. तिने फक्त महाशिवरात्रीचा उपास करणं सोडलं.

पुढे हवी तशी भगर मिळाली, मोठी टाकी लागली, तीही उत्तम लागली. मी मशीनवरचा आकडा फोनवर सांगितला. ती म्हणाली, “परत लाव नमुना.” परत लावला, तोच आकडा. त्या संध्याकाळी तिने सगळ्यांना पेढे दिले आणि किशोरला फोन करून सांगितलं की आता थोडंच राहिलं. दुसरी टाकी थोडी खाली आली, तिसरी आणखी खाली. मग ते सुरूच झालं. ही बुरशींची जुनी खोड आहे. प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या आयतं खाऊन वाढल्या की शिकवलेलं काम हळूहळू सोडून देतात. वाढतात झकास, दिसतात गुबगुबीत, औषध मात्र करत नाहीत. हेमा त्या काचेतल्या हिरव्या गालिच्याकडे बघून म्हणायची, आमच्या गावासारखं झालंय हिचं, बसून मिळालं की हातपाय हलवत नाही. हे बोलायचा हक्क तिला होता. मी हसायचे आणि मग आम्ही दोघी त्या गालिच्याकडे बघत बसायचो.

त्यावर उपाय एकच. एकेक बीजाणू सुटा करायचा, त्याचं वेगळं घर वसवायचं, आणि शेकडो घरांतून एखादं अजून काम आठवणारं सापडतंय का ते बघायचं. ते सापडलं की पुन्हा तिथून सुरुवात. हेमाने हे किती वेळा केलं ते मला आठवत नाही, आठवायचं नाहीये. तिचे डोळे अधू झाले, पाठ वाकली. एका किडनीवर जगणाऱ्या बाईने भरपूर पाणी प्यायला हवं, ते ती विसरायची, मग मी बाटली नेऊन तिच्या टेबलावर आपटायचे. सापडायचं एखादं घर. आकडा चढायचा, आम्हाला आशा वाटायची, काही महिन्यांनी पुन्हा उतरायचा. आशेचंही एक ओझं असतं आणि ते रोज उचलून माणूस किती थकतो हे मी तिच्याकडे बघून शिकले. मी तिला म्हटलं होतं, सोड आता. ती म्हणाली, “किशोरने सोडलं का? रोज दोन वेळा न चुकता घेतोच ना गोळी? मग मी कशी सोडू...”

एक दिवस साहेबांनी बोलावून सांगितलं की परदेशातून तयार बुरशी विकत घेतलीय, ती भरपूर देते आणि टिकते. आपलं काम बंद. साहेब वाईट माणूस नव्हता, त्यालाही सांगताना जड गेलं. जनुक बदललेला जीव असा कुठे ठेवून देता येत नाही, नियमाने तो पूर्ण मारावा लागतो, आणि मारताना साक्षीला दुसरं माणूस लागतं. साहेब म्हणाले, हे दुसरं कुणीतरी करेल. हेमा म्हणाली, नाही, मी करते. साक्षीला मी.

दुपारची वेळ होती. तिने फ्रीजमधून नळ्या काढल्या, बशा काढल्या, भगरीच्या बाटल्या काढल्या, प्रत्येकीवरचं नाव मोठ्याने वाचून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. झाकण आवळलं, वाफ सुरू झाली. इतर वेळी आम्ही मशीन लावून चहाला जातो. ती स्टूल ओढून समोर बसली आणि काटा बघत राहिली, म्हणून मीही बसले. मला वाटलं ती रडेल, मी रुमाल हातात धरून ठेवला होता. ती रडली नाही. वाफ उतरल्यावर झाकण उघडलं, पुरती वाफ लागून आतली खुणेची पट्टी काळी झालीय ना ते उजेडात धरून बघितलं, मला दाखवलं, हात धुतले. मग पर्स घेताना एवढंच म्हणाली, “नीला, आता किशोरला काय सांगू?” मी म्हटलं, काही सांगू नकोस. तो गोळी घेतो, बरा आहे. ती कुठल्या बुरशीची हे त्याला कशाला हवंय? तिने मान हलवली. ती हो ची होती की नाही ची, ते मला कळलं नाही, आणि खाली तिची बस उभी होती.

त्यानंतर आम्ही दोघीही निवृत्त झालो. तिचं कोलशेत आणि माझं डोंबिवली, नकाशात जवळ, पण घोडबंदर रोडच्या बाजूला जायचं म्हटलं की अर्धा दिवस रस्त्यात जातो. फोनवर बोलायचो. तिच्या भाचीचं कॉलेज, माझे गुडघे, तिच्या गच्चीतली मिरची. बुरशीचा विषय तिने कधी काढला नाही आणि मीही नाही. मला वाटायचं, विसरली असेल, सुटली असेल त्यातून. तिने किशोरला काय सांगितलं, हे विचारायचं मी टाळलं. त्याला अजूनही वाटत असणार की ताईची गोळी आज येईल, उद्या येईल, किंवा आली आहे आणि तो घेतोय. माझा तरी असाच समज होता.

मागच्या आठवड्यात गेले होते त्यांच्याकडे. दिवसकार्य होऊन गेलं होतं, घर रिकामं वाटत होतं. हेमाची खोली संगीताने आहे तशी ठेवलीय, पण मला आत जाववेना. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. दिवेलागणीची वेळ झाली, संगीताने देवापाशी दिवा लावला, आणि किशोर उठून कपाटावरून गोळ्यांची डबी घेऊन आला. मी खिडकीबाहेर बघायला लागले. मनात म्हटलं, आता हा मला विचारणार, आणि मला खोटं बोलावं लागणार, किंवा खरं. दोन्हीसाठी माझ्यात जीव नव्हता.

त्याने गोळी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “घाबरू नका नीलाताई. ही ताईची नाही, माहीत आहे मला.”

हेमाने त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. घरी आली, पाय धुतले, आणि उंबऱ्यातच म्हणाली की किशोर, माझ्याने नाही झालं रे, आज मीच मारून आले सगळं, आता तू दुसऱ्याचीच गोळी खात जा. मी विचारलं, मग तू काय म्हणालास?

“मी म्हटलं, ताई, गोळी कुणाची का असेना... ती सांभाळते ते तर तुझंच आहे ना.”

“आणि ती?”

“पर्स ठेवली. मग संगीताला म्हणाली, वाढ गो, भूक लागली.”

संगीता दिव्यापाशी उभी होती, तिने पदराने डोळे पुसले. किशोर पोटावर उजव्या बाजूला, ऑपरेशनचा व्रण आहे तिथे, हात ठेवून बसला होता. ती त्याची बसायची सवयच आहे, आधी माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. म्हणाला, लोक येतात, म्हणतात ताई गेली, मीपण म्हणतो गेली. पाणी सोडलं, पिंड ठेवला, सगळं केलं. पण ती इथं चालू आहे ना अजून, तिला कुणी सांगितलेलं नाही. पूर्वी एखाद दिवशी कंटाळा यायचा गोळीचा, ताई ओरडायची. आता कंटाळून नाही चालायचं.

त्याने गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी सावकाश प्यायला, आणि तांब्या खाली ठेवत म्हणाला, “चला. आजची सोय झाली तिची.”